एचआरचा फोन येण्याआधी

मी अंधेरीच्या एका कंपनीत फ्रेशर्सची भरती बघते. माझा भाचा आणि त्याचे मित्र मला हमखास विचारतात, "मावशी, तुम्ही लोक आमचं इन्स्टा बघता का गं?" बघतो, कधीमधी. पण तिथवर पोचायच्या आधीच बरंच काही दिसून गेलेलं असतं आणि नेमकं तेच कुणी आवरत नाही. म्हणून आम्हाला जे ज्या क्रमाने दिसतं, त्याच क्रमाने सांगते.

पहिला तुमचा नंबर. बायोडेटावरचा नंबर लावला की ट्रूकॉलर नाव दाखवतं. भाच्याचं नाव तिथे 'बिट्टू झेरॉक्स' होतं! त्याने ते ॲप कधी टाकलेलंही नव्हतं. वर्गात नोट्सची झेरॉक्स हाच काढून आणतो, त्यामुळे कुणीतरी नंबर तसा सेव्ह केला असणार आणि त्याच्या फोनबुकातून ते नाव तिकडे पोचलं असणार. मित्राच्या फोनवर आपला नंबर शोधून बघा. ॲपमध्ये स्वतःच्या नंबरने खातं उघडून खरं नाव टाकता येतं. यादीत राहायचंच नसेल तर त्यांच्या वेबसाइटवर नंबर काढून टाकायची सोय आहे. खातं असेल तर ते आधी बंद करावं लागतं.

मग व्हॉट्सॲप. मुलाखतीची वेळ आम्ही बहुतेकदा तिथेच कळवतो, म्हणजे डीपी आपसूक समोर येतो. प्रायव्हसीमध्ये जाऊन फोटो 'माय कॉन्टॅक्ट्स'पुरता ठेवता येतो, पण नोकरी शोधताना मी तसं करू नका म्हणेन. तो करडा रिकामा गोल बघून नंबर बरोबर आहे ना, अशीच शंका येते. चेहरा नीट दिसेल असा साधा फोटो लावा. 'अबाउट'मध्ये ब्रेकअपच्या वेळची शायरी अजून लटकत असेल तर ती काढा. लास्ट सीन लपवा नाहीतर दाखवा, कुणाला पडलेलं नाही. ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं, ते मात्र कॉन्टॅक्ट्सपुरतं ठेवा. 'घरबसल्या कमवा'वाले तिथूनच घुसतात.

ईमेलबद्दल फार बोलत नाही. 'नादखुळा' असलेला पत्ता मित्रांसाठी ठेवा, बायोडेटासाठी नावाचा नवीन काढा. त्या गूगल खात्याचा फोटोही बघून घ्या. गूगल मीटवर कॅमेरा बंद झाला की तुमच्या जागी तोच येतो, आणि समोर पॅनल बसलेलं असताना तिथे शिनचॅन उगवलेला मी पाहिलाय.

आता गूगल. इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि आपलं नाव इंग्रजी लिपीत शोधा, मग देवनागरीत, मग कॉलेजचं नाव जोडून, मग गावाचं. देवनागरीत शोधायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि मंडळाचं पेज, दहावीच्या सत्काराचा फोटो असलं सगळं तिथेच सापडतं.

बहुतेकांचं सातवीत वय वाढवून उघडलेलं फेसबुकही याच वेळी वर येतं. पासवर्ड आठवत नसला तरी परत मिळवा. सेटिंग्जमध्ये 'लिमिट पास्ट पोस्ट्स' आहे. ते दाबलं की जुन्या सगळ्या पब्लिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. टॅग रिव्ह्यू चालू करा, म्हणजे कुणी टॅग केलं की आधी तुम्हाला विचारलं जातं. काकांनी टाकलेल्या फोटोतला टॅग तुम्ही काढू शकता, पण फोटो काकांच्या वॉलवर तसाच राहतो. तो हलवायचा तर काकांना फोन करावा लागतो, आणि तोही गोड बोलून.

इन्स्टाग्रामचं खातं प्रायव्हेट केलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं पोरांना वाटतं. आधीचे फॉलोअर्स त्याने जात नाहीत, ते एकेक करून काढावे लागतात. नाव, बायो आणि प्रोफाइल फोटो सगळ्यांना दिसतच राहतो. आणि मोठ्या पब्लिक पेजखाली केलेली कमेंट जगजाहीर असते. स्वतःचं खातं कुलूपबंद, आणि आयपीएलच्या पोस्टखाली आईबहिणीवरून शिव्या! 'युअर ॲक्टिव्हिटी'मध्ये आपल्या सगळ्या कमेंट्स एकत्र दिसतात, तिथून गठ्ठ्याने उडवता येतात. हे करायला एक अख्खी संध्याकाळ द्या.

बंद ग्रुपवर विसंबू नका. २०१७ मध्ये हार्वर्डने निदान दहा मुलांचे प्रवेश परत घेतले, ते त्यांनी फेसबुकच्या एका खासगी ग्रुपमध्ये टाकलेल्या मीम्समुळे. ग्रुप खासगी असला तरी स्क्रीनशॉट काढणारा आतच बसलेला असतो.

लोकलच्या दारात लटकून काढलेले रील्स आधी डिलीट करा. रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली तो गुन्हा आहे आणि पुरावा तुम्हीच चढवलेला असतो. नव्या पासचा फोटोही नको, त्यावर घरचं स्टेशन आणि कॉलेजचं स्टेशन दोन्ही छापलेलं असतं. गळ्यात आयकार्ड असलेला सेल्फीही त्यातलाच. कट्ट्यावर बसलेले असताना स्टोरी टाकण्यापेक्षा घरी पोचल्यावर टाका, विशेषतः मुलींनी. हे नोकरीसाठी सांगत नाहीये.

राजकारणावर लिहू नका, असं मात्र मी कधीच सांगत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरची एक पोस्ट आणि एका लाइकवरून अटक झाली होती. त्यात लावलेलं, 'आक्षेपार्ह' ऑनलाइन मजकुरावर शिक्षा सांगणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. मत असणं हा काही डाग नाही. मत पटलं नाही म्हणून मी कुणाचा बायोडेटा बाजूला ठेवलेला नाही. एखाद्या जातीला, धर्माला, परप्रांतीयांना घातलेल्या शिव्या दिसल्यावर ठेवलाय, कारण उद्या त्याच्या शेजारच्या टेबलावर त्यांच्यातलंच कुणीतरी बसणार असतं.

लपवण्याचं झालं, आता दाखवायचं. लिंक्डइनवर भाच्याने लिहिलं होतं, 'पॅशनेट लर्नर, फ्युचर लीडर'. मी म्हटलं, अरे, तू काय काम केलंस ते लिही. फेस्टच्या स्पॉन्सरशिप टीममध्ये होता, दादरच्या दुकानदारांच्या पायऱ्या झिजवून पैसे आणले होते. किती दुकानं फिरला, किती रक्कम जमली, हिशोब एक्सेलमध्ये कसा ठेवला, हे चार ओळींत आलं की मला मुलाखतीत विचारायला काहीतरी मिळतं. मल्हार असो, मूड इंडिगो असो की तुमच्या कॉलेजचा छोटासा फेस्ट, हाच नियम. पोस्ट मराठीत लिहिलीत तरी चालते, बिनधास्त लिहा. फोटोला स्टुडिओ नको. खिडकीसमोर उभं राहून कुणालातरी काढायला सांगा. मावसबहिणीच्या लग्नातला, शेजारच्याचा खांदा कापलेला फोटो तेवढा नको. इंटर्नशिपला असाल तर ऑफिसच्या स्क्रीनचा फोटो चुकूनही टाकायचा नाही.

अमेरिकेला एमएसला जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती पब्लिक करायला सांगितलं, आणि डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्मवर गेल्या पाच वर्षांत वापरलेली हँडल्स लिहावी लागतात. म्हणजे मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत तारीख मिळेपर्यंत कुलूप लावून झालेलं असेल, तर ते उघडावं लागणार. म्हणून आधी आतला पसारा आवरा. एकही हँडल गाळू नका, दोस्तांसाठी काढलेलं दुसरं खातंसुद्धा. विसरलेली खाती शोधायला जुना मेलबॉक्स उघडा आणि 'वेलकम' आणि 'व्हेरिफाय' हे शब्द इंग्रजीत टाकून सर्च करा. कधी कुठे खातं काढलं होतं त्याची यादीच समोर येते.