पांडवलेणीच्या पायथ्याशी भूकंप कसा समजावून सांगावा

नाशिकच्या डोंगरांत भू-वारसा फेरी काढणार असाल, तर भूकंपतज्ज्ञाला सभागृहात भाषणाला बोलावू नका. त्यांना खडकाजवळ उभं करा. खडक कोणता, कधीचा हे भूविज्ञानाचे शिक्षकही छान सांगतात. भूकंपतज्ज्ञ सांगतात ते डोळ्यांना न दिसणारं: हा काळा पाषाण खाली कुठवर जातो आणि धक्के नेमके कुठून येतात. दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, धरणांजवळच्या भूकंपमापन केंद्रांच्या नोंदींचं काम चालतं. महिनाभर आधी पत्र द्या. त्यात मुलांची इयत्ता लिहा आणि ‘मार्गदर्शन करावे’ असं मोघम न लिहिता कोणत्या तीन प्रश्नांची उत्तरं हवीत ते लिहा.

गट पंचवीसचाच ठेवा, नाहीतर मागच्यांना ऐकू येत नाही. सकाळी सातला चढायला लागा. लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तेव्हा हातोडा नको आणि दगडावर खडूची खूणही नको. हातात द्यायचे नमुने बरोबर न्या: खडी क्रशरवरून काळा दगड, म्हणजे बसाल्ट, आणि ओटे बसवणाऱ्याकडून ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा. ग्रॅनाइट गुलाबी किंवा करडा, ठळक दाण्यांचाच मागा. दुकानात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो तो बहुतेकदा ग्रॅनाइट नसतो.

हे दोन तुकडे एकावर एक ठेवले की अर्धं काम झालं. वरचा बसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर. खालचा ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना. किल्लारीला भोक पाडलं तेव्हा बसाल्ट ३३८ मीटरवर संपला, कोयना भागात तो सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला. धक्क्यांचं मूळ त्याखालच्या जुन्या खडकात, काही किलोमीटर खोल असतं. आपण चढतो ते डोंगर म्हणजे नुसतं झाकण.

कातळातल्या भेगा पाहून कुणीतरी विचारणारच, ‘हे भूकंपानं फुटलं का?’ बहुतेक भेगा लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे पडलेले सांधे असतात. ओळखायचं असं: भेगेच्या दोन्ही बाजूंचा एकच थर पाहा. तो त्याच उंचीवर पुढे चालू असेल तर सांधा. एका बाजूला खाली सरकलेला असेल तर भ्रंश. दोन लाव्हांमधला तांबडा पट्टा यासाठी फार उपयोगी, आणि घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत तो स्वच्छ दिसतो. मात्र भर रहदारीत मुलांना तिथे उतरवू नका. फोटो मोठा छापून आणा.

पायथ्याशी विटेचा प्रयोग करा. दीड मीटर फळीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, विटेच्या बुडालाही तोच लावा. विटेला शिंप्याकडचं रुंद इलॅस्टिक, मीटरभर लांबीचं, बांधा, दुसऱ्या टोकाला पाच किलोचा स्प्रिंगचा काटा. काटा फळीला समांतर, हळूहळू ओढा. इलॅस्टिक ताणत जातं, वीट हलत नाही, आणि मग एकदम उडी मारते. इलॅस्टिकऐवजी सुतळी बांधली तर ताण साठतच नाही आणि उडी नीट दिसत नाही. हात वर उचलला गेला तर वीट हलकी होऊन लवकर सुटते. घाईनं ओढलं तर ती नुसती घसरत येते. प्रत्येक उडीआधीचा आकडा वहीत लिहा, वीस वेळा. आकडे दर वेळी वेगळे येतात. वीट एकच, फळी एकच, ओढणारा हात एकच, तरी पुढची उडी कोणत्या आकड्याला हे सांगता येत नाही. भूकंपाची तारीख सांगणाऱ्या व्हॉट्सॲप संदेशाला याहून चांगलं उत्तर नाही.

शाळेत छोटं भूकंपमापक यंत्र बसवायचं असेल तर तळमजल्याच्या कोपऱ्यात, थेट काँक्रीटवर बसवा. टेबलावर ठेवलं तर टेबलाचंच हलणं नोंदलं जातं. पाण्याचा पंप, जिना आणि मोठं झाड यांपासून ते लांब हवं. ४.५ हर्ट्झचा जिओफोन, म्हणजे यंत्रातला जमिनीचं हलणं टिपणारा भाग, जवळचे धक्के छान टिपतो, फार दूरच्या भूकंपांच्या संथ लाटा त्याला कमी कळतात. वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते. साडेपाच तास मिळवायचे राहिले की तुमची नोंद कुठल्याच बातमीशी जुळत नाही.

भूकंपाच्या नोंदीत आधी वेगवान पी लाट येते, मग हळू येणारी एस लाट. दोन्हींमधल्या सेकंदांना आठने गुणलं की अंदाजे किलोमीटर मिळतात. डहाणू-तलासरीचा धक्का नाशिकपासून साधारण शंभर किलोमीटरवर, म्हणजे फरक बारा सेकंदांचा. कोयना सुमारे २९०, फरक छत्तीस. मुलांकडून हे सेकंद टाळ्यांनी मोजून घ्या: पहिली टाळी पी, शेवटची एस. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांची अंतरंही नकाशावर पट्टीनं मोजायला लावा. किल्लारीसाठी चव्वेचाळीस टाळ्यांच्या आसपास उत्तर यायला हवं. फार वेगळं आलं तर नकाशाचं प्रमाण पुन्हा तपासा.