सोड्याच्या नळांची यादी टीव्हीवर

रंकाळ्यावर संध्याकाळी सोड्याच्या गाड्यापुढं गर्दी झाली की जो तो एकच विचारतो, "आज काय काय हाय?" खडूचा फळा पावसाळ्यात ओला होऊन पुसला जातो. जुना एचडीएमआय टीव्ही आणि रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढं नुसतं 'पाय') असला की ही यादी पडद्यावर दाखवता येते आणि काम कायमचं मार्गी लागतं.

घरी बिअर करणाऱ्या परदेशी हौशी मंडळींसाठी रास्पबेरीपिंट्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. कुठल्या नळाला कुठली बिअर, तिचा रंग, कडूपणा, अल्कोहोल असं सगळं ते पडद्यावर मांडतं. त्याला पीएचपी आणि मायएसक्यूएल ही सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं लागतात. सहा नळांच्या सोड्याला एवढा पसारा नको. त्यातली एकच गोष्ट उचला: नळाचा क्रमांक कायम, पेय बदलतं.

यादी गूगल शीटमध्ये ठेवा. रकाने चारच: नळ, पेय, भाव, चालू. शेअरमधून 'पब्लिश टू वेब' निवडून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची) लिंक घ्या आणि साध्या एचटीएमएल पानातून दर दोन मिनिटांनी ती वाचा. फोनवर भाव बदलला की फलकावर यायला पाचेक मिनिटं लागतात, कारण गूगल प्रकाशित प्रत सावकाश ताजी करतं. तेवढ्या वेळात जिरा सोडा संपला तर नळाला फडकं बांधणंच बरं.

पायवर क्रोमियम ब्राउझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे पडदाभर, आपोआप सुरू होईल असं करा आणि स्क्रीन ब्लँकिंग, म्हणजे थोड्या वेळानं पडदा काळा होणं, बंद करा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर देवनागरी फाँट नाही. नोटो सान्स देवनागरी टाका. पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका. नाहीतर 'लिंबू'मधला ल आणि 'शहाळं'मधला श हिंदी वळणाचे येतात, आणि ते आपल्या डोळ्याला लगेच खटकतं. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा, कमी केली तर उकार-वेलांट्या शेजारच्या ओळीत घुसतात. ३२ इंची टीव्हीची उंची साधारण ४० सेंटीमीटर. शीर्षक धरून आठ ओळी केल्या तर ओळीला ५ सेंटीमीटर मिळतात. त्याहून जास्त ओळी कोंबू नका. कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीचा आहे, त्याच्या पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा.

आता खरी डोकेदुखी, वीज. अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट ३ अँपिअरचाच घ्या. मोबाइलच्या चार्जरवर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकतं आणि पाय अडखळतो. लाईट अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून सगळं जमल्यावर सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. त्यानंतर कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. पानात काही बदलायचं असेल तर आधी ओव्हरले बंद करा, नाहीतर रीबूट झाल्यावर केलेलं काम गायब.

पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाईट आली पण नेट आलं नाही तर तारीख मागचीच राहते. मग नेट आल्यावरही, घड्याळ जुळेपर्यंत, सुरक्षित लिंक प्रमाणपत्राच्या तारखेवरून अडते आणि शीट उघडत नाही. त्यासाठी रोजची ठरलेली पेयं आणि भाव पानातच लिहून ठेवा. शीट मिळाली नाही तर तीच यादी दिसेल आणि फलक कोरा पडणार नाही.