काजव्यांचे पाहुणे घरी ठेवायचे असतील तर

आधी खोली बांधू नका. आधी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीत दोर सोडा आणि पाणी किती हात आहे ते मोजा.

मी भंडारदरा धरणाच्या काठावरच्या एका वाडीत राहते. काजवे बघायला येणारे पाहुणे घरी ठेवायला लागून नऊ वर्षं झाली. आसपासच्या गावांतल्या बाया फोन करतात, "ताई, आम्हीपण चालू करावं का?" म्हणतात. करा, जरूर करा. पण पाहुणा आला की पैसा येतो, आणि आलेला पैसा वाडीत राहावा यासाठी काही गोष्टी पहिल्या दिवसापासून धरून ठेवाव्या लागतात. त्या इथे सांगते.

पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण मी तिथेच चुकले होते. आमचं भंडारदऱ्याचं धरण, म्हणजेच विल्सन धरण, 1926 साली पुरं झालं. ते पाणी खाली प्रवरेच्या पट्ट्यात जातं, तिथला ऊस भिजवतं. माझ्या ओट्यावरून जलाशय दिसतो, पण मे अखेरीला आमच्या विहिरीच्या तळाशी कळशी खरवडते. आणि काजवे नेमके तेव्हाच येतात. मे अखेर ते जूनचा मोठा पाऊस, जेमतेम तीन आठवडे. दुसऱ्या वर्षी एका सहली नेणाऱ्याने एका रात्रीत 34 माणसं पाठवली. नऊ वाजता टाकी रिकामी झाली, संडास तुंबला, आणि सकाळी शेजारच्या चार घरांना प्यायला पाणी नव्हतं. शहरातल्या लोकांकडून त्याने किती घेतले ते मला पाहुण्यांनीच सांगितलं. मला मिळाले ताटामागे 90 रुपये. पैशाचं दुःख महिनाभरात गेलं, शेजारणीसमोर खाली घातलेली मान मात्र अजून आठवते.

तेव्हापासून हिशेब असा. माणशी 70 लिटर धरायचे, अंघोळ बादलीनेच. आठ माणसांना 560 लिटर लागतात. माझी टाकी 1,000 लिटरची, उरलेलं स्वयंपाकाला आणि घरच्यांना, म्हणून रात्री आठच पाहुणे. नववा माणूस कितीही ओळखीचा असला तरी शेजारच्या घरी पाठवायचा. तुमची विहीर सहाच माणसांची असेल, तर तुमचा होमस्टे सहाच माणसांचा. संडास दोन शोषखड्ड्यांचा बांधा. एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिल्यातलं कुजून खत होतं. खड्डे विहिरीपासून निदान 15 मीटर लांब आणि विहिरीच्या उताराला घ्या, चढाला कधीच नको.

घर आहे तसंच ठेवा. कुडाची भिंत असेल तर सारवा. छत गळत असेल तर कौलं फिरवा. स्वच्छ गाद्या, दोन-दोन चादरी, मच्छरदाण्या, आतून लागणारी कडी आणि दिवा असलेला संडास, एवढ्यावर लोक समाधानी असतात. स्लॅबची खोली मे महिन्यात भट्टीसारखी तापते, तिथे मग पंखा लागतो, आणि आमच्याकडे पहिल्या वाऱ्याला वीज जाते. पहिली दोन वर्षं कर्ज काढू नका. नंतर वाढवायचं ठरलंच, तर राज्याच्या 'आई' पर्यटन धोरणात बाईच्या नावावरच्या व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज 12 टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं. त्याची चौकशी पर्यटन संचालनालयात करा. घराची नोंदणी तिथेच होते. जेवण देणार म्हणजे अन्न परवान्याची नोंदणीही करून घ्या. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव-पत्ता वहीत लिहा आणि ओळखपत्र बघून घ्या.

आता पैशाचं. आठ पाहुणे, माणशी 1,000 रुपये, दोन जेवणं आणि नाश्ता धरून. रात्रीचे झाले 8,000. किराणा, दूध, कोंबडी, सरपण मिळून 2,000. स्वयंपाकाला वाडीतल्या दोघी, प्रत्येकी 500. वाटाड्याला 1,000. वाडीच्या सामाईक पैशाच्या डब्यात माणशी 50, म्हणजे 400. मला उरतात 3,600, त्यातूनच चादरी, दुरुस्ती, फोन. अंडी, तांदूळ, नागली, कोंबडी वाडीतूनच घ्या, दुकानातून दोन रुपये स्वस्त मिळाली तरीही. डब्यातल्या पैशातून आम्ही विहिरीचा गाळ काढला. ज्यांच्या घरी पाहुणे उतरत नाहीत, त्यांनाही पाहुणे आपले वाटले ते तेव्हापासून. सहा घरं असतील तर पाळी लावा, आणि पाळीची वही एकाच घरी न ठेवता दर मोसमाला हात बदला.

जेवणात पनीर करू नका. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, हुलग्याचं कढण, इंद्रायणीचा भात, आणि पहिला पाऊस पडून गेला असेल तर रानभाजी. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आमच्याच अकोले तालुक्यातल्या. गावरान बियाणं जपल्याबद्दल त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे शहरातली माणसंही आता काळभात या आमच्या गावरान तांदळाबद्दल विचारतात. भात आवडला की लोक "विकत मिळेल का?" म्हणतातच, म्हणून किलोकिलोच्या पिशव्या आधीच बांधून ठेवा. मागच्या मोसमात माझ्या जावेचा चार पोती तांदूळ असा ओट्यावरूनच गेला, व्यापाऱ्याला एक दाणा द्यावा लागला नाही.

काजव्यांबद्दल पाहुण्यांना जेवायला बसण्याआधीच सांगा. नंतर अंधारात कोणी ऐकत नाही. नर लुकलुकतो तो मादीला बोलावण्यासाठी. गाडीचा दिवा, फ्लॅश, पांढरी बॅटरी पडली की त्यांची खूण हरवते आणि जोड्या जमत नाहीत. त्यांच्या अळ्या झाडाखालच्या ओल्या पालापाचोळ्यात असतात, गोगलगायी खातात. तिथे पन्नास माणसं तुडवत गेली तर पुढच्या वर्षीचे काजवे पायाखाली गेले. म्हणून गाडी वाडीतच लावायची, चालत जायचं, बॅटरीला लाल कागद, पायवाट सोडायची नाही, काजवा बाटलीत धरायचा नाही. ऐकत नसेल त्याला वाटाड्याने परत आणायचं. मी दोनदा पैसे परत देऊन माणसं घरी पाठवलीत. जंगल अभयारण्यात आहे, वनखात्याची पावती प्रत्येकाकडे हवी.

तीन आठवड्यांवर वर्षाचं गणित मांडू नका. सप्टेंबरात सोनकी फुलते. नवरात्रात कळसूबाईची यात्रा असते, 1,646 मीटरवर देवीचं देऊळ आहे. दिवाळीनंतर रतनगड, रतनवाडीचं अमृतेश्वर, साम्रदची सांदण दरी. हिवाळ्यात विहिरीला पाणी असतं आणि पाहुणे निवांत दोन रात्री राहतात. माझी निम्मी कमाई आता नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते.

आणि जमीन. पाहुणे वाढले की मागोमाग जमीन बघणारे येतात. गोड बोलतात, "विकू नका, नुसती भाड्याने द्या" म्हणतात, आणि तीस वर्षांचा कागद पुढे करतात. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही, महसूल संहितेचं कलम 36 अ त्यासाठीच आहे. भाडेपट्टाही त्यात येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा देऊ नका. घरातल्या पुरुषाने द्यायचं ठरवलं असेल, तर तलाठ्याकडे सोबत जा आणि कागद मोठ्याने वाचून घ्या. जलाशयाच्या काठाला ज्यांनी जागा दिल्या, त्यातले काही आज त्याच जागेवर पगारी भांडी घासतात. त्यांच्या हातचं मी जेवले आहे, म्हणून हे एवढं कळवळून लिहिते.

जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की मी फोनवर सरळ सांगते, पंधरा दिवस पाहुणे नाहीत. धबधबे तेव्हाच भरात असतात आणि बुकिंग मागणारे पुष्कळ असतात. पण तेव्हा स्वयंपाकाच्या दोघी, वाटाड्या आणि मी, सगळे चिखलात असतो. गाद्या गुंडाळून माळ्यावर टाका, टाकी धुऊन पालथी घाला, दाराला कडी लावा आणि रोपं उपटायला चला.