पेशंट तयार नसताना मानसिक दवाखान्यात ऍडमिट कसं करायचं, मराठवाड्यातल्या लोकांसाठी

घरातलं माणूस आठ आठ दिवस झोपेना, विळा घेऊन अंगावर धावायलं, आणि दवाखान्याचं नाव काढलं की "मला काय झालंय, तुम्हीच जा" म्हणायलं, तर काय करायचं ते लिहायलो. मागच्या वर्षी चुलत भावाच्या वेळी आम्ही सगळ्या चुका करून बसलो.

पहिली चूक, डायरेक्ट लांब पळालो. राज्यात जुनी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकपण नाही. पुण्याचा माणूस रिक्षानं जातो, आपली रात्रभर जीप. भावाला दोघांच्या मधे बसवलं, एका पायात चप्पल, दुसरी अंगणातच राहिली, आणि सकाळी एका लांबच्या दवाखान्यात खिडकीवरचा म्हणला सही करणारं जवळचं कोण आहे? वहिनी तर घरी! आले तसे परत.

म्हणून आधी सिव्हिल नायतर मेडिकल कॉलेज गाठा, घाटी (संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज), नांदेड, लातूर, अंबाजोगाई, जे जवळ पडंल ते. निघायच्या आधी फोन करून बेड आहे का विचारा. १४४१६ हा टेली मानस म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, देशभर एकच. ईशान्येकडच्या आणि डोंगरी राज्यांना अंतरामुळं काही मुदती वाढवून दिल्यात, हिंगोलीवाल्याला कोण देतंय.

पेशंट तयार नसताना ऍडमिट करायचं ते कलम ८९, त्यात कोर्टाची ऑर्डर लागत नाही, लोक अजून जुन्या कायद्यासारखं कोर्टात हेलपाटे घालायलेत. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीनं करायचा. पेशंटनं आधी कुणाला लिहून नेमलं नसंल तर नातेवाईक चालतो, म्हणून बायको, आई, भाऊ यापैकी एकजण आधारकार्डासकट सोबत पाहिजेच. दोन जणांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, तपासणी त्याच दिवशीची किंवा मागच्या ७ दिवसांतली. नुसतं "डोकं फिरलंय" म्हणून भागत नाही. स्वतःला इजा, दुसऱ्याला मारहाण, नायतर स्वतःचं काहीच बघता न येणं, यातलं काय झालं ते तारखेसकट वहीत लिहून न्या. आम्ही "लई त्रास देतो" एवढंच सांगत बसलो.

ऍडमिशन जास्तीत जास्त ३० दिवसांचं, त्याच्या पुढं ठेवायचं तर कलम ९०. मंडळाला, म्हणजे अशी ऍडमिशनं तपासणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, ७ दिवसांत कळवायचं काम दवाखान्याचं, बाई असंल तर ३ दिवसांत. पेशंटला स्वतः मंडळाकडं दाद मागता येते, त्याला तसं सांगा, लपवू नका.

गावात रात्री अचानक पेटलं तर कलम ९४ खरं आपल्या कामाचं. जीवाला धोका असंल तर कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर, पीएचसीचासुद्धा, ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतो, जवळच्या मानसिक दवाखान्यात पोचवणं त्यातच आलं. प्रतिनिधी हजर असंल तर त्याची संमती घेतात. डॉक्टर "आमच्याकडं नाही" म्हणला तर कलमाचा आकडा सांगा, शांतपणे. रस्त्यावर फिरणारा बेवारस पेशंट असंल तर पोलिसांनी २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमधे ठेवता येत नाही.

साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे. आमच्याच गल्लीत एकाला खाटेला बांधून ठेवलेलं मी बघितलंय, घोट्याला काळा वण पडलेला.

आणि निघताना एक काम करा, दोन्ही चपला घ्या. दवाखान्याच्या फरशीवर भाऊ एका पायावर उभा होता, बाकी सगळं विसरलो, ते नाही विसरलो.