शेड्यूलिंग कॉम्प्युटरवर नेण्याआधी: मशीन शॉपच्या तयारीची यादी

ही यादी पंधरा-वीस मशीनच्या जॉब शॉपसाठी आहे, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे वेगवेगळे पार्ट काढणाऱ्या शॉपसाठी. भोसरी-चाकण पट्ट्यात असे शॉप गल्लोगल्ली सापडतात: चार-पाच सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारी) लेथ, तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन), एखादं ग्राइंडर, ड्रिलिंग-टॅपिंगची जुनी मशीन, आणि प्रत्येक पार्टचा रस्ता वेगळा. कुठला जॉब कुठल्या मशीनवर कधी लावायचा, हे प्लॅनिंग अर्धं सुपरवायझरच्या डोक्यात, अर्धं फळ्यावर. आता मालकांना ते कॉम्प्युटरवर हवंय. सॉल्व्हर, म्हणजे अटी आणि उद्दिष्ट दिलं की सर्वांत चांगलं उत्तर शोधणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो, गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट कुणीही उतरवून घ्यावा. त्यामुळे पहिला प्रश्न येतो तो 'अल्गोरिदम कुठला वापरायचा?' माझ्या यादीत तो बराच खाली आहे.

आधी मालक, प्लॅनिंगवाला आणि डिस्पॅचवाला यांना एका टेबलाशी बसवा आणि चांगलं शेड्यूल कशाला म्हणायचं ते लिहून घ्या. पुस्तकातली जॉब शॉपची गणितं बहुतेक मेकस्पॅनवर चालतात, म्हणजे पहिला जॉब लागल्यापासून शेवटचा संपेपर्यंतचा वेळ. चालत्या शॉपमध्ये शेवटचा जॉब असतोच कुठे? हे संपेपर्यंत पुढच्या ऑर्डरी येऊन पडलेल्या असतात. तिथे मोजायचा तो उशीर. पण उशीरही कसा मोजता त्यावर सगळं फिरतं. 'उशीर झालेल्या जॉबची संख्या कमी कर' असं सांगितलंत, तर सॉल्व्हर आधीच तारीख चुकलेला जॉब उचलून पार शेवटी टाकेल. तो एक दिवस उशिरा गेला काय नि वीस दिवस गेला काय, संख्या एकच. त्या कस्टमरचा फोन मात्र तुम्हाला घ्यायचा असतो. म्हणून उशिराचे तास मोजा आणि प्रत्येक कस्टमरला वजन द्या. वजन विचारलं की मालक म्हणतात, सगळेच महत्त्वाचे. मग दोन खरे जॉब समोर ठेवून विचारा, यातला एकच वेळेत जाणार आहे, कुठला पाठवू? असे दहा-बारा प्रश्न झाले की वजनं आपोआप बाहेर येतात.

त्यानंतर रूट कार्डं. प्रत्येक चालू पार्टची ऑपरेशनं, त्यांचा क्रम, मशीन. कार्डावर 'व्हीएमसी-२' लिहिलेलं असतं, पण अडलं की तोच पार्ट व्हीएमसी-१ वरही निघतो, हे रात्रपाळीच्या ऑपरेटरला पक्कं ठाऊक असतं. पर्यायी मशीन प्रत्येक ऑपरेशनपुढे लिहा, तिथे वेळ जास्त लागत असेल तर तोही लिहा. उलट बाजूही तपासा. कागदावर दोन लेथ मशीन सारखी दिसतात, पण एकाचा स्पिंडल थकलेला असतो आणि बारीक टॉलरन्स त्यावर धरत नाही. सॉल्व्हर बिनदिक्कत नेमका तो जॉब तिथेच लावणार.

सायकल टाइम कंट्रोलरच्या स्क्रीनवरून उचलू नका. स्क्रीन ४ मिनिटं दाखवते. पीस काढणं, हवा मारून चिप्स उडवणं, नवा पीस चढवणं, मधूनमधून गेज लावणं यात पीसमागे आणखी एक मिनिट सहज जातं. २०० पीसच्या लॉटला मग १३ तास २० मिनिटांऐवजी १६ तास ४० मिनिटं लागतात, आणि ही तूट मागच्या प्रत्येक जॉबवर चढत जाते. त्यापेक्षा गेल्या महिन्याचे प्रॉडक्शन रिपोर्ट काढा आणि पाळीत खरोखर किती पीस पडले त्यावरून वेळ काढा. रिजेक्शन धरून लॉट किती पीसचा सुरू करता तेही तिथेच कळेल. आणखी एक गोष्ट हमखास सुटते. २०० पीस पूर्ण होईपर्यंत पुढचं मशीन थांबत नाही. ५० पीसचा क्रेट भरला की तो ड्रिलिंगला जातो. हे मॉडेलमध्ये नसेल तर सॉल्व्हरचं शेड्यूल फळ्यावरच्या शेड्यूलपेक्षा वाईट दिसेल आणि सुपरवायझर पहिल्याच दिवशी हसेल. त्याचं बरोबरच असेल.

आता सेटिंग, म्हणजे एका जॉबनंतर मशीन दुसऱ्या जॉबला तयार करणं. तयारीतला सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि फायदाही इथेच आहे. आधीच्या जॉबला लावलेल्या जॉ (पीस पकडणारे चकचे जबडे) चालत असतील, फक्त प्रोग्रॅम नि एखादा इन्सर्ट बदलायचा असेल, तर काम वीस मिनिटांत होतं. सॉफ्ट जॉ (पीसच्या मापाला कापून घ्यायच्या मऊ जॉ) नव्याने बोअर करायच्या तर तास-दीड तास. व्हीएमसीवरचं फिक्श्चर (पीस पक्का धरणारं साधन) उतरवून दुसरं चढवायचं, डायल फिरवून ते सरळ बसलंय का बघायचं, पहिला पीस काढून पास करून घ्यायचा, तर त्याहून जास्त. म्हणजे सेटिंगचा वेळ जॉबवर नाही, आधी काय चाललं होतं त्यावर ठरतो. पण 'प्रत्येक पार्टनंतर प्रत्येक पार्ट' असा तक्ता भरायला बसू नका, ४० पार्टना १६०० घरं होतात आणि दुसऱ्या दिवशी कंटाळून कुणीतरी सगळीकडे ४५ मिनिटं लिहून टाकतो. पार्टचे गट पाडा: एकाच जॉवर चालणारे, एकाच फिक्श्चरवरचे, एकाच मटेरियलचे. गटातल्या गटात एक आकडा, गटाबाहेर दुसरा. सुरुवातीला एवढं पुरतं.

आणि सेटरला, म्हणजे सेटिंग करणाऱ्या माणसाला, विसरू नका. सेटर एकच असतो, तोही दिवसपाळीला. सॉल्व्हरला हे सांगितलं नाही तर तो रात्री अडीच वाजता तीन मशीनवर एकदम सेटिंग लावून मोकळा होतो. सेटिंग हे ऑपरेशनपासून वेगळं काम म्हणून मांडा, त्याला मशीनही लागतं आणि सेटरही, आणि सेटरच्या दोन कामांची वेळ एकमेकांवर चढता कामा नये. सीपी-सॅटमध्ये 'नो ओव्हरलॅप' नावाचा निर्बंध आहे, तो मशीनला लावता तसाच सेटरला लावायचा. एवढं केलं की शेड्यूलचा चेहराच बदलतो: छोटे लॉट दिवसा लागतात, संध्याकाळी सेटर निघण्याआधी प्रत्येक मशीनवर एकेक लांब लॉट चढतो आणि रात्रभर चालतो. जुना सुपरवायझर नेमकं हेच करत आलेला असतो. पहिला पीस पास करणारा क्वालिटीचा माणूस एकटाच असेल, तर तोही त्याच रांगेत. फिक्श्चर एकच असेल, तर तेही.

कॅलेंडर बारकाईने भरा. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारची, पण तुमचा हीट ट्रीटमेंटवाला दुसऱ्या भागात असेल तर त्याचा वार वेगळा. जेवणाच्या सुट्टीत कुठली मशीन चालू राहतात, कुठली थांबतात, हेही लिहा. खंडेनवमीला मशीन पुसून, हार घालून पूजा होते, त्या दिवशी पूर्ण पाळी धरणारं शेड्यूल कुणी वाचणारसुद्धा नाही. ज्येष्ठात पालख्या देहू-आळंदीहून निघतात तेव्हा तुमचा टेम्पो त्या रस्त्यांवरून वेळेवर पोचणार नाही, तेही आधीच टाकून ठेवा.

बाहेरचं काम, म्हणजे हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग वगैरे, मशीन म्हणून मांडू नका. ती तुमची क्षमता नव्हेच. चलन फाडल्यापासून माल परत येईपर्यंतचे दिवस धरा. भट्टीचा चार्ज (एका वेळी भट्टीत जाणारा माल) ठरावीक वारांनाच लागत असेल, तर सोमवारी संध्याकाळी तयार झालेला माल आणि मंगळवारी सकाळी तयार झालेला माल यांत दोन-तीन दिवसांचा फरक पडू शकतो, आणि सॉल्व्हर त्या एका रात्रीचा चांगला उपयोग करून दाखवतो. कच्च्या मालाचंही तसंच. कास्टिंग कोल्हापूरहून यायचं असेल तर ते शॉपमध्ये पडण्याची खरी तारीख घाला. पर्चेस ऑर्डरवरची तारीख ही शुभेच्छा असते.

एवढं हातात आलं की मॉडेल लिहा, पण खरा डेटा लगेच घालू नका. आधी उत्तर माहीत असलेली उदाहरणं द्या. सोपं उदाहरण कागदावर करता येतं. पाच जॉब, सगळे आधी टर्निंग मग ग्राइंडिंग, तासांत: अ ३ आणि ६, ब ७ आणि २, क ४ आणि ७, ड ५ आणि ३, इ ७ आणि ४. एस. एम. जॉन्सन या गणितज्ञाने १९५४ मध्ये दिलेला नियम असा: ज्यांचं पहिलं काम दुसऱ्यापेक्षा छोटं, ते पुढे घ्या, पहिल्या कामाच्या चढत्या क्रमाने, बाकीचे मागे, दुसऱ्या कामाच्या उतरत्या क्रमाने. क्रम येतो अ, क, इ, ड, ब आणि सगळं २८ तासांत संपतं. याहून कमी होणं शक्यच नाही, कारण टर्निंगलाच एकूण २६ तास आहेत आणि शेवटच्या जॉबचं ग्राइंडिंग किमान २ तासांचं. हाच क्रम उलटा लावला तर ३६ तास लागतात. तीच मशीन, तीच माणसं, आणि पूर्ण एक पाळी वाया. तुमच्या मॉडेलने २८ दिलं नाही तर पुढे जाऊ नका.

मग फिशर आणि थॉम्प्सन यांची १९६३ मधली जॉब शॉपची उदाहरणं घाला, ती नेटवर सगळीकडे मिळतात. सहा जॉब-सहा मशीनचं उत्तर, म्हणजे कमीत कमी मेकस्पॅन, ५५, दहा जॉब-दहा मशीनचं ९३०. हे दुसरं प्रकरण गाजलेलं आहे. एका मशीनवर दहा जॉबचे ३६,२८,८०० क्रम. दहा मशीनचे एकत्र धरले तर ६६ आकडी संख्या होते, त्यातले पुष्कळ अशक्य असले तरी. ९३० पेक्षा चांगलं उत्तर नाही, हे कार्लिए आणि पिन्सन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलं, म्हणजे उदाहरण छापल्यावर २६ वर्षांनी. आज साध्या लॅपटॉपवर सीपी-सॅट ते काही सेकंदांत करतो. तुमच्याकडे तासभर चालूनही ९३० येत नसेल तर लॅपटॉपला दोष देऊ नका, मॉडेल उघडून बघा.

आता अल्गोरिदम. जॉन्सनचा नियम दोन मशीनपुरताच. गॅरी, जॉन्सन आणि सेठी यांनी १९७६ मध्ये दाखवलं की फ्लो शॉपला (जिथे सगळे जॉब मशीनवरून एकाच क्रमाने जातात) तिसरं मशीन आलं की असा झटपट नियम मिळण्याची आशा जवळपास संपते, आणि जॉब शॉपला तर दोन मशीनवरच. (हा जॉन्सन वेगळा.) म्हणून पहिल्यांदा साधे नियम चालवा: ज्याची तारीख जवळ तो आधी, ज्याचं काम छोटं तो आधी. एक्सेलमध्येही होतं. एकाच मशीनवर तारखेचा नियम सर्वांत मोठा उशीर कमीत कमी ठेवतो. छोटं-आधी नियमाने शॉपमध्ये पडून राहणारा माल घटतो, पण लांबलचक लॉट कोपऱ्यात धूळ खात बसतो. या नियमांचे आणि फळ्याचे आकडे लिहून ठेवा, सॉल्व्हरची तुलना त्यांच्याशी करायची आहे. काही शॉपमध्ये अडकणारं मशीन एकच असतं, आणि तिथे तारखेचा नियम अधिक सेटिंगचे गट एवढ्यावरच बहुतेक काम भागतं. तसं असेल तर तिथेच थांबा, काही बिघडत नाही.

पुढे जायचंच तर सीपी-सॅट घ्या. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जेनेटिक अल्गोरिदमचा (उत्तरांची सरमिसळ करत चांगलं उत्तर शोधणारी पद्धत) प्रोजेक्ट केलेला एखादा मुलगा ऑफिसमध्ये असतोच, त्याला तोच लिहायचा असतो. लिहू द्या, पण सुट्टीच्या दिवशी. वीस मशीनच्या आठवड्याच्या प्लॅनसाठी हाताने लिहिलेला जेनेटिक अल्गोरिदम सहसा हळू पडतो, आणि आपलं उत्तर सर्वोत्तमापासून किती लांब आहे ते तो सांगत नाही. सॉल्व्हर खालची मर्यादाही दाखवत राहतो, म्हणजे ज्याहून कमी होणं शक्य नाही तो आकडा. हजारो ऑपरेशनं असतील तर टॅबू सर्चसारखी, छोटे छोटे बदल करत उत्तर सुधारत नेणारी पद्धत बघा. मेकस्पॅनच्या बाबतीत तिची युक्ती साधी आहे: क्रिटिकल पाथबाहेरच्या (एकूण वेळ ठरवणाऱ्या कामांच्या साखळीबाहेरच्या) दोन कामांची अदलाबदल करून एकूण वेळ कमी होऊच शकत नाही, मग ती तपासायची कशाला?

सीपी-सॅटला वेळ पूर्णांकातच द्यावी लागते. सेकंद घेऊ नका. पाच मिनिटांचं एकक पुरतं, आठवड्याची २०१६ एककं होतात. वेळेची मर्यादा घाला, दहा मिनिटं म्हणा. उत्तर आणि खालची मर्यादा यांत दोन-तीन टक्क्यांचं अंतर उरलं तरी सोडून द्या, तुमच्या सायकल टाइममध्येच त्याहून मोठी चूक असते.

मशीन बंद पडेल, लॉट रिजेक्ट होईल, अर्जंट ऑर्डर येईल. प्रत्येक वेळी सगळं नव्याने सोडवलंत तर शेड्यूल तासातासाला उलटंपालटं होतं, आणि उतरवलेलं फिक्श्चर परत चढवायला सांगणाऱ्या कागदावर सेटर विश्वास ठेवत नाही. पुढच्या दोन पाळ्या गोठवा; त्यानंतरचं बदलायचं असेल तर मागच्या प्लॅनपासून हलण्याला थोडा दंड लावा. अर्जंट म्हणायचा हक्क कुणाला, तेही ठरवा. तो सगळ्यांना असेल तर कुणालाच नाही असं धरा.

छापताना रंगीत गँट चार्ट (मशीनवार वेळेच्या पट्ट्यांचा तक्ता) मालकांच्या केबिनमध्ये लावा, मशीनवर नको. मशीनवर एक कागद, मराठीत, मोठ्या अक्षरात: आत्ताचा जॉब, पुढचे दोन, कुठलं फिक्श्चर, माल कुठे ठेवलाय. बाजूला एक मोकळा रकाना ठेवा, क्रम बदलला तर कारण लिहायला. पहिले काही आठवडे फळाही तसाच चालू राहू द्या आणि रोज संध्याकाळी तो रकाना वाचा. 'फिक्श्चर दुसऱ्या मशीनवर अडकलं' असं पुन्हापुन्हा दिसलं तर ते फिक्श्चर मॉडेलमध्ये घालायचं राहिलंय. 'ऑपरेटर आला नाही' असं दिसलं तर कुठला ऑपरेटर कुठलं मशीन चालवू शकतो, याचा तक्ता करायला घ्या.