गिल्मोरसारखं वाजवायचंय? मग या चुका टाळा

पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर ऐकून गिटार हातात घेणाऱ्यांची खरेदीची यादी ठरलेली असते. आधी आवाज खरखरीत करणारं बिग मफ पेडल, मग प्रतिध्वनी देणारं डिले, मग त्याच्यासारखी काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार. एवढं करून आवाज ‘तसा’ येत नाही, म्हणून आणखी एक पेडल. कृपा करून हे थांबवा. पिंक फ्लॉइडच्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागातला १९७९ सालचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, त्या काळ्या स्ट्रॅटवर वाजवलेलाच नाही. ती गोल्डटॉप लेस पॉल ही वेगळीच गिटार होती, अ‍ॅम्पऐवजी थेट स्टुडिओच्या मिक्सिंग कन्सोलला जोडलेली. तरीही दोन स्वरांत माणूस ओळखू येतो.

तो ओळखू येतो बेंडमुळे, म्हणजे तार ओढून स्वर चढवण्यामुळे, आणि नवशिके नेमके तिथेच घाई करतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हाच सोलो वाजवला. पेडलबोर्ड माझ्यापेक्षा भारी, बोटं चपळ, सगळे स्वर पाठ. कीबोर्डवाल्याने डी मायनर कॉर्ड धरला, याने तार ओढली आणि स्वर जिथे पोहोचायला हवा त्याच्या कणभर खालीच अडकला. प्रत्येक बेंडला तेच. समोरच्या पोरांना चूक सांगता आली नसती, पण टाळ्या तुटक पडल्या. खाली उतरल्यावर तो म्हणाला, “सर, गेन कमी पडला का?” गेन, म्हणजे आवाजातली खरखर वाढवणारी पातळी, भरपूर होती. त्याचा अंगठा नेकच्या (गिटारच्या दांडीच्या) मागे चिकटलेला आणि सगळा जोर एकट्या अनामिकेवर होता. अशाने तार पूर्ण वर जातच नाही.

अंगठा नेकवरून पुढे येऊ द्या. अनामिकेच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी त्याच तारेवर ठेवा आणि मनगट फिरवून तार ढकला. आता तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी दोनला लावा. या सोलोचा षड्ज तोच, डी. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा (नेकवरच्या पट्टीचा) डी वाजवून नीट ऐका. मग पाचव्या फ्रेटचा सी ओढून तिथपर्यंत न्या, कोमल निषादावरून षड्जावर. स्वर थोडा जरी उतरलेला असेल तर तानपुऱ्याशी घासून एक थरथर ऐकू येते. लागला की ती विरते. ती विरेपर्यंत पुढचा स्वर घेऊ नका. ट्यूनरकडे बघून हे करणारे मला आवडत नाहीत; कान तयार व्हायला हवा. गिल्मोर याच सोलोत एकदा ओढलेली तार आणखी वर नेतो. एक पूर्ण स्वर सुरात लागत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

व्हायब्रेटोही, म्हणजे बोट हलवून स्वराला दिलेला कंपही, स्वर लागल्यावरच. पोहोचायच्या आधी बोट हलवणं म्हणजे बेसूरपणा झाकणं, आणि तो झाकला जात नाही.

फार जाड तारा नकोत. गिल्मोरच्या नावाने मिळणारा जीएचएस कंपनीचा एक संच १० ते ४८ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात) आहे, तेवढा पुरे.

डिले इतका ठेवा की बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवेल. घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर बिग मफ पूर्ण पिळला तर नुसती भुणभुण येते. निम्म्याच्या खाली ठेवा.

आणि पिंक फ्लॉइडच्याच ‘कम्फर्टेबली नम्ब’चा शेवटचा सोलो टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट हे आकड्यांत लिहिलेला कागद) बघून एका बैठकीत उरकू नका. गिल्मोरने स्वतः पाच-सहा सोलो वाजवले आणि त्यातले चांगले तुकडे निवडून तो जोडला. तुम्हीही एकेक तुकडा घ्या. आधी तो तोंडाने गा, श्वास कुठे घ्यावा लागतो ते बघा, आणि तिथे गिटारही थांबवा. माझे विद्यार्थी ही जागा हटकून दोन-तीन जलद स्वरांनी भरतात. मी तिथे बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) बंद करतो आणि तो तुकडा पुन्हा गायला लावतो.