नागपूरच्या उन्हात निवडुंग का सडतो? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की वाटतं, वाळवंटातली झाडं इथे आपसूक जगतील. मेमध्ये ती जगतातही. मरतात जुलै-ऑगस्टमध्ये. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटात वर्षाला जेमतेम ५० ते ६० मिलिमीटर पाऊस पडतो, कारण समुद्राकडून येणारे ढग वाटेतल्या सिएरा नेवाडासारख्या डोंगररांगांवरच रिकामे होतात. नागपुरात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. झाडं जातात ती या पाण्याने.

काळी माती वापरणं. सगळ्यात मोठी चूक हीच. काळी माती पावसात फुगून आठवडाभर ओली राहते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळं तोडते. डेथ व्हॅलीचा तळ, बॅडवॉटर, समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खोल आहे; तिथल्या मिठाच्या थरावर काहीच उगवत नाही. क्रिओसोटसारखी झुडपं दिसतात ती घळींच्या तोंडाशी पसरलेल्या खडीच्या उतारावर. कुंडीतही तशीच खडी हवी: ३ ते ५ मिलिमीटरची गिट्टीची चुरी ३ भाग, कन्हान नदीची जाड वाळू १ भाग, पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत १ भाग. चुरी चाळून, धुऊनच घ्या. तिच्यातली भुकटी राहिली तर फटी बुजतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची पद्धत सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजी उतरत नाही, त्या थराच्या वरच अडतं आणि मुळं उलट जास्त ओली राहतात. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

पावसाळ्यात उघड्यावर ठेवणं. मृगाच्या सरी सुरू होण्याआधी कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली घ्या. चारही बाजूंनी वारा खेळला पाहिजे. पाणी देण्याआधी बांबूची काडी तळापर्यंत खुपसा. पाच मिनिटांनी काढल्यावर ती कोरडी असेल तरच पाणी.

तहान आणि सड यांत गल्लत होते. झाड सुरकुतलेलं पण दाबल्यावर घट्ट असेल, तर त्याला पाणी हवंय. बुंधा पिवळट-तपकिरी होऊन बोट आत जात असेल, तर सड आहे. त्याच दिवशी कापा. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालून वर पातळ चकत्या काढत जा. कापलेल्या भागाच्या मधोमध गोल कडं दिसतं. त्यात तपकिरी ठिपका आहे तोवर सड शिल्लक आहे. ठिपका संपल्यावर सुरी पुन्हा पुसून आणखी एक चकती काढा. मग तुकडा सावलीत १० ते १५ दिवस सुकवा, दमट हवेत त्याहूनही जास्त, आणि कोरड्या चुरीवर नुसता टेकवून ठेवा. मुळं फुटेपर्यंत थेंबभरही पाणी नको.

नर्सरीतून थेट गच्चीवर. हिरव्या नेटखाली वाढलेलं झाड एप्रिलमध्ये उघड्यावर ठेवलं, तर दोन दिवसांत पांढरट डाग पडतात आणि ते आयुष्यभर जात नाहीत. खरेदी थंडीत करा, उन्हाची सवय हळूहळू लावा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, सकाळी ११ ते दुपारी ४ पन्नास टक्के ऊन अडवणारी नेट हवीच. काळी प्लास्टिकची कुंडी तापलेल्या स्लॅबवर ठेवू नका. खाली विटा द्या. पाणी सूर्यास्तानंतर द्या, कारण दुपारी नळीतलं पाणीच चटका देण्याइतकं गरम असतं. निवडुंगाची श्वसनछिद्रं रात्रीच उघडतात, पण तापलेल्या रात्रींत बरेच प्रकार वाढ थांबवतात. तेव्हा जास्तीचं पाणी त्यांच्या कामाचं नसतं.

बोअरचं जड पाणी. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर चढला, म्हणजे क्षार साचत आहेत. बॅडवॉटरचा छोटा नमुनाच. वरची दोन सेंटीमीटर चुरी बदला, मग कुंडीत मावेल त्याच्या तिप्पट पावसाचं पाणी वरून सोडून खालून वाहू द्या. हे काम मार्चमध्ये, कोरड्या हवेत उरका. त्यासाठी पावसाळ्यात एक ड्रम भरून, डास होऊ नयेत म्हणून घट्ट झाकून ठेवा.